‘काही’ हे कारण नाही

तेवीस वर्षांची असताना मी एका लाल दिव्यावर टिकली चिकटवली होती.

फोर्टमधल्या एका कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर होते. समोर बोर्ड, बोर्डावर दिव्यांच्या रांगा, डोक्यावर हेडफोन, आणि मनात अशी पक्की समजूत की अर्धं फोर्ट केवळ माझा आवाज ऐकायला फोन करतं. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल दिवा होता. एका सोमवारी तो लुकलुकायला लागला. तो कशाचा, हे मला ठाऊक नव्हतं. कोणाला विचारावं, तर मला ठाऊक नाही हे त्यांना ठाऊक झालं असतं. डोळ्यांना त्रास होत होता. मी कपाळावरची मखमली टिकली काढली आणि दिव्यावर लावली. दिवा दिसेनासा झाला. बोर्डही जरा सुवासिनीसारखा दिसायला लागला. बुधवारी मोठे साहेब कलकत्त्याशी बोलत असताना अख्खा बोर्ड गपगार पडला. तो दिवा बॅटरी उतरत चालल्याचा होता. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकनं ती टिकली नखानं सोडवली, तळहातावर घेतली आणि सगळ्या ऑफिससमोर मला विचारलं, “मॅडम, ये आपकी है?”

ही गोष्ट पन्नास वर्षं मी लोकांना हसवायला सांगत आले. ती ऐकून न हसलेला माणूस आजवर एकच भेटला. सदानंद मयेकर.

मयेकर सहा वर्षांपूर्वी खाडीकाठच्या जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. तिसरा मजला, माझ्या दारासमोरचं दार. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, मूळ गाव देवगडकडचं, अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. टिकलीची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “काकू, सगळं जग हेच करतं. तुमची टिकली निदान दिसत तरी होती.”

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय करणार?

मयेकर घरी बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. हॅस्केल नावाच्या भाषेत. ही भाषा कोण बोलतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, फार कोणी नाही. या भाषेचा स्वभाव आळशी आहे म्हणे. गरज पडल्याशिवाय ती कुठल्याही कामाला हात लावत नाही. मी म्हटलं, असे माझे थोरले दीर होते. मयेकरांनी गंभीरपणे विचारलं, “मग त्यांच्या चुका उशिरा सापडत असतील?” आमच्या दिरांच्या चुका त्यांच्या तेराव्याला सापडल्या होत्या, पण ते मी सांगितलं नाही.

नोकरीबाहेरच्या वेळात मयेकरांनी स्वतःची एक लायब्ररी लिहिली आहे. पुस्तकांची नव्हे. काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करून चालवायचे जे प्रोग्रॅम असतात, ते लिहिणाऱ्यांना उपयोगी पडतील अशा तयार तुकड्यांचा तो संच आहे. आपण घरचा मसाला जास्त झाला की शेजारी वाटतो, तशी ते ही लायब्ररी जगभर फुकट वाटतात. तिच्यात दोन गोष्टी आहेत, आणि या दोन गोष्टी मला आता वरण-भातासारख्या तोंडपाठ आहेत.

पहिली म्हणजे, चूक गिळायची नाही. कुठे चुकलं, का चुकलं, त्या वेळी काय चाललं होतं, हे सगळं बांधून वर पाठवायचं. दुसरी म्हणजे धागे. एकच प्रोग्रॅम एकाच वेळी अनेक कामं करतो, त्या प्रत्येक कामाला धागा म्हणतात. पुष्कळ ठिकाणी असा एखादा धागा मधेच मरतो आणि मुख्य प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसतो; तो आपला चालतच राहतो. मयेकरांच्या लायब्ररीत प्रत्येक धाग्याला नाव असतं. तो कधी सुरू झाला, आता कुठे आहे, कधी संपला, कसा संपला, याची खबर तो देत राहतो. आणि सगळं नीट झालं तर शेवटी प्रोग्रॅमनं शून्य हा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे बरं आहे. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं.

हे सगळं संगणकातच राहिलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

मयेकर आले त्याच महिन्यात आमच्या सेक्रेटरींनी, शाहभाईंनी, लिफ्टशेजारी नोटीस लावली: ‘काही कारणास्तव उद्या पाणी येणार नाही.’ मयेकर ती वाचून सरळ शाहभाईंच्या घरी गेले.

“‘काही’ हे कारण नाही,” ते म्हणाले.

शाहभाई जेवत होते. हातात खाखरा. “अरे मयेकरभाई, पानी नथी आवतु, एटलं समजलं ना? बस.”

“नाही समजलं. टाकी फुटली की पंप जळला की वरूनच नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.”

तेव्हापासून आमच्या नोटिसा असतात त्या अशा: ‘उद्या सकाळी पाणी नाही. कारण: पंपाचा व्हॉल्व्ह गळतो. माणूस दहाला येणार. न आल्यास पुन्हा कळवू.’ शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं मुद्दाम येऊन आमच्या नोटिसा वाचतात.

भाजीवाल्याशी त्यांचं जमलं नाही. कोथिंबीर का नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, “साहब, नहीं है तो नहीं है.” मयेकरांनी त्याच्याकडून दोन वर्षं भाजी घेतली नाही. उलट जवळच्या राई गावाहून टोपली घेऊन येणारी आमची मासळीवाली, पार्वती, हिला ते फार मानतात. एकदा जिन्यात त्यांनी बोंबील आहेत का विचारलं. ती टोपली न उतरवताच म्हणाली, “न्हाय. वारा हाय. होडी गेलीच न्हाय. परवा बग.” मयेकर तिथंच थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काकू, हे ऐकलंत? काय नाही, का नाही, परत कधी बघायचं. चार वाक्यांत. आमच्या क्षेत्रात माणसं वीस वर्षं काम करून हे शिकत नाहीत.” पार्वतीला वाटलं, हा माणूस भाव पाडायच्या विचारात आहे. ती खाली निघून गेली.

त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक झाकणावर चिठ्ठी असते. ‘भात. सुरू ११:४०.’ ‘आमटी. सुरू ११:४५.’ गणेशोत्सवात महाप्रसादाचं काम आम्ही गमतीनं त्यांच्यावर सोपवलं, तर त्यांनी आम्हां बायकांनाच चिठ्ठ्या लावल्या. माझ्या खांद्यावर ‘कोशिंबीर’ होतं. दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारायचे, खबर काय. शाहभाईंच्या मिसेसनी पुऱ्यांचा एक घाणा करपवून गुपचूप गोणीमागे ढकलला होता, तो त्यांनी शोधून काढला आणि रागावले नाहीत. फक्त कढई किती तापली होती ते लिहून घेतलं. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्या वर्षी जेवण वेळेवर झालं.

माझी टिकलीही त्यांनी सोडली नाही. लायब्ररी कशी वापरायची हे सांगणारी पानं असतात, त्यात चूक झाकून पुढे जाण्याच्या पद्धतीला त्यांनी ‘टिकली’ असं नाव दिलं आहे. असं करू नका, असा तिथे इशारा आहे. म्हणजे माझ्या तेविसाव्या वर्षाची अक्कल आता देशोदेशीची माणसं इंग्रजीतून वाचतात.

रोज सकाळी सातला आम्ही दोघं आपापलं दार उघडतो. कडीला दुधाची पिशवी अडकवलेली असते, ती काढायला. ते विचारतात, “काय काकू, शून्य?” मी म्हणते, “शून्य.” दारं बंद. हे गेल्यापासून, म्हणजे माझे यजमान गेल्यापासून, चार वर्षं हे चाललं होतं. मला वाटे, बिचाऱ्याला बोलायला दुसरा विषय नाही.

मग गेल्या वर्षी, एका मंगळवारी, मी न्हाणीघरात पडले.

पडले म्हणजे काय, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि नळ कपाळावर येऊन आदळला. नळ जागचा हलला नव्हता हे उघड आहे, पण माझी बाजू मी अशीच मांडणार. भुवयांच्या वर मधोमध टेंगूळ आलं, बारीक रक्तही आलं. मी थंड पाणी लावलं, बसले, आणि पहिला विचार मनात आला तो पुण्याचा.

पुण्याला माझा मुलगा मंदार असतो. चांगला आहे, सूनही चांगली आहे, अडचण तीच. त्यांनी माझ्यासाठी एक खोली रंगवून ठेवली आहे. फिका जांभळा रंग. “आई, एकदा जरी काही झालं ना, तर मी तुला सरळ घेऊन येणार,” हे मंदार मला दर दिवाळीला ऐकवतो. मला त्या जांभळ्या खोलीत जायचं नव्हतं. मला माझ्या गॅलरीतून खाडीचा वास यायला हवा होता, पार्वतीशी हुज्जत घालायला हवी होती, आणि शाहभाईंच्या मिसेसच्या पुऱ्यांना नावं ठेवायला हवी होती. तेव्हा पन्नास वर्षांच्या अनुभवानं शहाणी झालेली बाई काय करते? आरशासमोर जाते आणि टेंगळावर टिकली लावते. रोजची लहान होती, ती पुरेना. एका लग्नातली रुपयाएवढी लाल सापडली, ती लावली.

यजमानांच्या मागे मी टिकली लावते यावर आधी सोसायटीत दोन मतं होती. आता एकच आहे, माझं. त्यामुळे कोणी काही बोलेल ही भीती नव्हती.

दार उघडायला सात-वीस झाले होते. मयेकर त्यांच्या दारात उभे.

“काय काकू, शून्य?”

“शून्य,” मी म्हटलं.

ते दोन क्षण माझ्या कपाळाकडे बघत राहिले आणि आत गेले. मला वाटलं, सुटले.

अकरा वाजता बेल वाजली. मयेकर आत आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, तुमची टिकली मोठी झाली आहे. मी म्हटलं, फॅशन. ते म्हणाले, वीस मिनिटं उशीर झाला होता. मी म्हटलं, झोप लागली. ते म्हणाले, डावा हात तुम्ही टेबलावर टेकवत नाही आहात. मी म्हटलं, अहो मयेकर, काही झालेलं नाही.

आता ते ‘काही’चं वाक्य येणार, हे मला माहीत होतं. पण ते आलं नाही. मयेकरांनी माझ्या टीपॉयवरचा पेपर नीट घडी घालून ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते नोटीस वाचून दाखवावी अशा आवाजात सांगितलं. त्यांची आई गावी एकटी राहायची. ते रोज संध्याकाळी फोन करायचे. ती म्हणायची, “सगळा बरा आसा.” पोटात दुखत होतं, चार महिने. शेजारणीला माहीत होतं, तिला शपथ घातली होती. पोरगा कामं टाकून धावत येईल म्हणून.

“मी ते शून्य धरत होतो,” मयेकर म्हणाले. “शेवटच्या दिवशीही शून्यच आलं होतं.”

लायब्ररी लिहायला त्यांनी आई गेली त्याच महिन्यात घेतली होती, हे मला नंतर हिशोब लावल्यावर कळलं.

मी टिकली काढली.

त्यानंतर मयेकर पूर्ववत झाले. कागद-पेन घेऊन बसले. कुठे पडलात, किती वाजता, आधी काय करत होतात, औषध कधी घेतलं होतं. आणि मग, “पहिल्यांदाच?” मी पदर सारखा केला. “काकू, पहिल्यांदाच?” नाही, तिसऱ्यांदा. याआधी दोनदा अंधारी आली होती, तेव्हा भिंत धरायला मिळाली म्हणून ती मी मोजली नव्हती. त्यांनी तेही लिहिलं. तो कागद घेऊन आम्ही रिक्षानं स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, पेशंट इतकं नीट कधी सांगत नाहीत म्हणाले, डोक्याचा फोटो काढायला लावला, तो निर्मळ निघाला. डोकं रिकामं आहे असा अर्थ मी काढला. दोष रक्तदाबाच्या नव्या गोळीचा होता. गोळी बदलली.

परत येताना मी मयेकरांना हात जोडले. मंदारला कळवू नका. ते रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाले, “एक धागा पडला म्हणून कोणी अख्खा प्रोग्रॅम बंद करत नाही. पण वर न कळवता पुढेही जायचं नाही. कळवा तुम्ही. कसं लिहायचं ते मी सांगतो.”

मी लिहिलं. काय झालं, का झालं, डॉक्टर काय म्हणाले, काय बदललं, पुन्हा कधी दाखवायचं. पार्वतीच्या बोंबलांसारखं. शेवटी स्वतःच्या मनानं एक ओळ घातली: ‘खोलीचा रंग छान आहे, पण तूर्त नको.’ मंदार शनिवारी आला. येताना माझी बॅग भरायच्या तयारीनं आला होता, हे त्याच्या गाडीतल्या रिकाम्या खोक्यांवरून दिसत होतं. तो आधी समोरच्या दारी गेला, तासभर बसला. आल्यावर न्हाणीघरात धरायचे दांडे बसवून घेतले, खाली रबरी जाजम टाकलं. मला म्हणाला, “आई, तू सगळं लपवतेस म्हणून मला न्यायचं होतं. सांगत असशील तर राहा.” खोकी शाहभाईंना दिली.

दुसऱ्या दिवशी मी मयेकरांकडे शिरा घेऊन गेले. पाच वर्षांत प्रथमच त्यांचा तो काळा पडदा जवळून बघितला. ओळीच ओळी. पंपाची एक होती, लिफ्टची एक, भाताची एक. सगळ्यात वर एक ओळ होती: ‘समोरच्या काकू.’ सुरू झाल्याची तारीख वाचली. ह्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाची. पुढे लिहिलं होतं: ‘चालू.’ खाली रोजची एकेक नोंद. सात, शून्य. सात-दोन, शून्य. एका ठिकाणी: ‘सात-पाच, शून्य. आवाज बसलेला. सर्दी?’ चार वर्षांच्या सकाळी तिथे ओळीनं उभ्या होत्या. मंगळवारची नोंद होती: ‘सात-वीस, शून्य. खोटं.’

“लायब्ररीची चाचणी घ्यायला दीर्घकाळ चालणारं काहीतरी लागतं,” मयेकर शिऱ्याकडे बघत म्हणाले.

मी विचारलं, यात तुमचं नाव कुठे आहे? ते म्हणाले, मी मुख्य धागा. मुख्य धागा बंद पडला तर खबर कोणाला द्यायची? हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मात्र दुसऱ्या सकाळपासून दार उघडल्यावर त्यांचा प्रश्न येण्याआधीच मी विचारायला लागले, “काय मयेकर, शून्य?” पहिल्या दिवशी ते गोंधळले. उत्तर कोणी मागेल याची त्यांनी सोयच केली नव्हती. मग म्हणाले, “शून्य.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “पाठ दुखते आहे. खुर्ची बदलायला हवी.” मी ते कॅलेंडरवर लिहिलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्र्याहत्तराव्या वर्षीही माझ्या आत ती तेवीस वर्षांची भवानी अजून बसलेली आहे, आणि तिला खोडी काढल्याशिवाय करमत नाही. मागच्या आठवड्यात एका सकाळी मी मुद्दाम दार उघडलं नाही. सात वाजले. आतल्या बाजूला, कडीवर हात ठेवून, तोंडाला पदर लावून उभी राहिले. म्हटलं, बघू या, हा माणूस काय करतो. बेल वाजवेल, शाहभाईंना उठवेल, निदान नोटीस तरी लावेल. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. पावलं माझ्या दारापर्यंत आली. पुढे काहीच नाही. बेल नाही, हाक नाही. मला वाटलं, परत गेले. सात-दहाला कंटाळून मी दार उघडलं.

मयेकर दारासमोर उभे होते. एका हातात माझी दुधाची पिशवी, दुसरा हात बेलपर्यंत नेऊन तसाच ठेवलेला. पायांत दोन वेगळ्या चपला. मी हसायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. त्यांनी हात खाली घेतला, पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाले:

“दहा मिनिटं उभा आहे, काकू. बेल वाजवली नाही. वाजवून दार उघडलं नसतं, तर कारण कळलं असतं. ते मला कळायला नको होतं.”